फॅमिली कॅम्पिंगला पिकअपच हवी म्हणणाऱ्यांनी आधी आपलं पार्किंग मोजावं

घोडबंदरची भटकी

परवा इथे एक भलीमोठी पोस्ट आली होती. सार असं की पोराबाळांना घेऊन आडवाटेला मुक्काम करायचा तर पिकअपच घ्यावी, बाकीच्या फोर-बाय-फोर (चारही चाकांना इंजिनचा जोर देणाऱ्या) म्हणजे मॉलला जायच्या गाड्या, आणि 'ज्यांना परवडत नाही तेच नावं ठेवतात'. शेवटचं वाक्य वाचून दोन दिवस गप्प बसले. आज राहवत नाही.

आम्ही दोघं, आठ आणि पाच वर्षांची मुलं आणि सासूबाई. गेल्या वर्षी आम्ही टोयोटाची हायलक्स आणि इसुझूची व्ही-क्रॉस या दोन्ही पिकअप नीट चालवून बघितल्या. हायलक्सची लांबी ५३२५ मिमी, व्ही-क्रॉसची ५२९५. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन मी आमच्या इमारतीच्या पोडियम पार्किंगमध्ये उतरले. आखलेली जागा पाच मीटर बाय अडीच, मागे खांब. म्हणजे वीतभराहून जास्त नाक येण्याजाण्याच्या वाटेत. समोरच्या रांगेतल्या काकांना रोज तीनदा मागेपुढे करून गाडी काढावी लागली असती. एकावर एक गाड्या ठेवणाऱ्या स्टॅक पार्किंगवाल्यांनी तर हा विषयच काढू नये.

पार्किंग बाजूला ठेवा. सासूबाईंचं काय? मागची सीट ताठ. पाठ मागे टाकायची सोय नाही, कारण सीटमागे लगेच सामानाचा उघडा हौदा. खाली स्प्रिंगचे पाटे. हौदा रिकामा, त्यामुळे गाडी प्रत्येक खड्ड्यात मागून उडते. पातलीपाड्याहून गायमुखपर्यंत गेलो आणि त्या म्हणाल्या, "मला इथेच उतरव, मी रिक्षाने येते." बहात्तर वर्षांच्या बाईला तसंच भंडारदऱ्यापर्यंत न्यायचं?

आणि आपल्याकडचं कॅम्पिंग निम्मं पावसातलं. हौद्यावरचं झाकण कितीही चांगलं असो, कडेने पाणी झिरपतंच. एका ओळखीच्या कुटुंबाची अंथरुणं कसाऱ्यालाच भिजली, रात्र गाडीत बसून काढली.

आम्ही स्कॉर्पिओ-एन घेतली, फोर-बाय-फोर. परवडत नव्हतं म्हणून नाही. पाच माणसं एका छताखाली कोरडी बसतात म्हणून.

हौदावाला_खारघर

ती पोस्ट माझी नाही, पण बाजू माझीच आहे, म्हणून लिहितो. ताई, एका टेस्ट ड्राइव्हवर निकाल देऊ नका. माझी व्ही-क्रॉस २०१८ ची आहे, अडीच लिटरची. एक लाख चाळीस हजार किलोमीटर झाले. पाटे वजनासाठीच असतात. हौद्यात शंभर-दीडशे किलो टाका, टायरची हवा थोडी कमी करा, गाडी लगेच बसते. रिकामा हौदा घेऊन घोडबंदरला फिरवलीत आणि कंबर दुखली म्हणता.

कॅम्पिंगचं सामान म्हणजे काय ते तरी बघा. गॅसची टाकी, चिखलाचे बूट, ओला तंबू, काजळी धरलेली पातेली, माशांची पिशवी. हे सगळं तुम्ही मुलांच्या पाठीमागे, त्याच हवेत ठेवता. माझ्याकडे ते काचेपलीकडे असतं. घरी आलो की फाळका पाडायचा, पाइप लावायचा, दहा मिनिटांत हौदा स्वच्छ.

ताकदीचं विचाराल तर गेल्या जूनमध्ये काजवे बघायला भंडारदऱ्याला गेलो होतो. डांबरावर गाड्यांची रांग, सगळे अडकलेले. मी फोर-लो (चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर) टाकला, बांधावरून खाली उतरलो आणि थेट पाण्याकाठी तंबू ठोकला. बायको-मुलं अजून त्या रात्रीची आठवण काढतात. असलं सुख मॉलच्या गाडीत मिळत नाही.

पाचदारी_गुरखा

दोघांचंही अर्धवट आहे. फोर्सची पाच दारांची गुरखा, ४३९० मिमी, सात माणसं, पुढच्या आणि मागच्या दोन्ही ॲक्सलला हाताने ओढायचे लॉक, म्हणजे डावं-उजवं चाक एकत्रच फिरतं. हायलक्सला फक्त मागे आहे. एक चाक हवेत आणि दुसरं चिखलात असेल तेव्हा हा फरक कळतो. एसीला आवाज आहे, दार जोरात ओढावं लागतं, मान्य. पण पार्किंगमध्ये बसते.

बेलापूर_ते_डेन्व्हर

अकरा वर्षं अमेरिकेत काढून परत आलो, म्हणून एक गोष्ट सांगतो. आपण ज्याला 'फुल-साइज' म्हणून मिरवतो ती तिकडे मध्यम समजतात. फोर्डची चार दारांची एफ-१५० जवळजवळ ५.९ मीटर लांब आणि आरसे सोडून दोन मीटरहून रुंद असते. हायलक्स तर अमेरिकेत विकतच नाहीत, तिथे टोयोटाची टकोमा.

पण खरा फरक गाडीत नाही, जमिनीत आहे. तिकडे नॅशनल फॉरेस्टची प्रचंड जमीन सार्वजनिक आहे. ठरलेल्या रस्त्यांवरून आत जायचं, आधी कोणी मुक्काम केलेली जागा शोधायची आणि सहसा चौदा दिवसांपर्यंत फुकट राहायचं. मोठा ट्रक त्या व्यवस्थेत शोभतो. इथे सह्याद्रीत 'मोकळी' दिसणारी जागा एकतर कोणाच्या तरी सातबाऱ्यावर असते, नाहीतर वनखात्याची. तिकडची गाडी आणता, तिकडची जमीन कुठून आणणार?

नौपाड्यातला_जुना

मला गाडी कुठली याच्याशी देणंघेणं नाही. गाडी घेतली की पहिल्या महिन्यात तिला उंच करायची, टायर बाहेर काढायचे आणि कपाळावर एलईडीची पट्टी लावायची, हा जो रोग आहे त्यावर कोणी बोलत का नाही? २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्वच्छ सांगितलंय की कंपनीने नोंदवलेल्या मूळ रचनेत बदल चालणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. कसारा घाटात समोरून असल्या दोन गाड्या आल्या आणि मला चार सेकंद पुढचं काही दिसलं नाही. शेजारी बायको, मागे नात. मी ब्रेक मारला, मागच्या ट्रकवाल्याने मारला म्हणून वाचलो. त्या चार सेकंदांनंतर मी रात्रीचं गाडी चालवणं सोडलं.

घोडबंदरची भटकी

काका, पूर्ण सहमत. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून आम्ही कसारा घाट टाळतो, तोही याच कारणाने.

अकोल्याचा_ऐरोलीत

हौदावाले साहेब, तो बांध कोणाचा होता?

मी अकोले तालुक्यातल्या रतनवाडीकडचा. नोकरीला रबाळ्यात, राहायला ऐरोलीत, जूनमध्ये रजा काढून गावी. तुम्हाला 'बांधावरून खाली उतरलो' हे तीन शब्दांत लिहिता आलं. आमच्याकडे त्याचं काय होतं ते ऐका. उन्हाळ्यात पालापाचोळा, शेण पसरून राब भाजतात. पहिल्या पावसाला त्यावर भाताचं रोप टाकतात. रोप वीतभर झालं की खाचरात, म्हणजे भाताच्या वाफ्यात, पाणी अडवून चिखलणी आणि मग आवणी, म्हणजे रोपांची लावणी. पाणी अडतं ते बांधामुळे. बांधावरून दोन टनांची गाडी गेली की कड ढासळते. दिसायला हातभर खिंडार. पण रात्रीतून खाचरातलं पाणी खालच्याच्या शेतात, सोबत वरची मऊ माती. रोपावरून चाक गेलं तर त्या वर्षी त्या तुकड्याला दुसऱ्याकडून रोप मागून आणायचं. मिळालं तर.

माझ्या चुलत्याच्या खाचरात गेल्या जूनमध्ये असेच चाकांचे दोन पट्टे होते. चार बोटं खोल. आत पाणी साचून बेडूक बसलेले. चुलता काही बोलला नाही, कुदळ घेऊन दोन दिवस बांध घालत बसला. त्याचं वय अडुसष्ट.

हौदावाला_खारघर

तो बांध माझ्याच गाडीने मोडला हे कशावरून? त्या रात्री शेकडो गाड्या होत्या. आणि राग आमच्यावर काढता, पण त्याच गाड्यांच्या जिवावर तुमच्या गावात टेंट लागतात, जेवणाच्या थाळ्या जातात. पर्यटक नकोत म्हणा एकदा, म्हणजे आम्ही दुसरीकडे जातो.

अकोल्याचा_ऐरोलीत

थाळीचे पैसे थाळीवाल्याला, टेंटचे टेंटवाल्याला. बांध ज्याचा मोडतो त्याला काय? तो तुमच्याकडे पावती फाडायला येत नाही, म्हणून त्याचं नुकसान झालं नाही असं नसतं. तुमचीच गाडी होती असं मी म्हटलं नाही. 'मी बांधावरून उतरलो' हे तुम्हीच म्हणालात.

आणि ज्यासाठी आलात त्या काजव्यांचंही ऐका. मे संपताना आणि जूनच्या पहिल्या सरींना सादडा, हिरडा, बेहड्याच्या झाडांवर ते लुकलुकतात, तो त्यांचा जोडीदार शोधायचा काळ असतो. एकाने चमकायचं, दुसऱ्याने ओळखून उत्तर द्यायचं. मधे हेडलाइटचा झोत आला की ते बोलणं तुटतं. त्यांच्या अळ्या ओल्या मातीत, पाल्याखाली असतात, गोगलगायी खातात. म्हणजे पुढच्या वर्षीचे काजवे जमिनीतच असतात, आणि त्यावर तुम्ही चाकं घालता. लहानपणी आमच्या घरामागचा सादडा अख्खा पेटल्यासारखा दिसायचा. गेल्या वर्षी माझ्या मुलीला तो दाखवायला नेला. झाडाखाली तीन गाड्या, इंजिन चालू, गाणी चालू, पार्किंगचे दिवे चालू. झाड काळं. ती म्हणाली, "बाबा, कुठेत?"

बेलापूर_ते_डेन्व्हर

हे वाचून गाडीची चर्चा क्षुल्लक वाटायला लागली.

पाचदारी_गुरखा

क्षुल्लक कशी? धागा गाडीचा आहे. शेताचं नुकसान वाईट, हजार वेळा मान्य, पण म्हणून सगळे ऑफ-रोडवाले गुन्हेगार नाहीत. आमचा ग्रुप गावच्या रस्त्यावरून जातो, अडकलेल्या टेंपोला ओढून काढतो. साम्रदच्या वाटेला गेल्या ऑगस्टमध्ये एका ॲम्ब्युलन्सला बाहेर काढलं. तेव्हा दोन्ही लॉक लागले. ते कोणी लिहीत नाही.

अकोल्याचा_ऐरोलीत

ॲम्ब्युलन्स काढली असेल तर गाव तुमचं नाव काढत असेल, खात्रीने सांगतो. मी रस्त्यावरच्या गाडीबद्दल एक शब्द बोललो नाही. रस्ता सोडलेल्या गाडीबद्दल बोलतोय.

नौपाड्यातला_जुना

आणि दिवे. दिव्यांबद्दल यांनीही तेच सांगितलं.

घोडबंदरची भटकी

मी धागा काढला पार्किंगवर आणि आलो कुठे. पण बरं झालं. आम्हीही एकदा मोकळ्या दिसणाऱ्या पडीक माळावर गाडी घातली होती, विचारलं कोणाला नव्हतं. कोणी ओरडलं नाही म्हणून मी ते चूक धरलंच नव्हतं.

हौदावाले, तुमचा एक मुद्दा मान्य करते, मनाविरुद्ध. ओल्या सामानाचा. मागच्या खेपेला गावरान कोंबडीच्या रश्श्याचं पातेलं घोटीच्या वळणावर लवंडलं. गाडीला तीन आठवडे वास होता. धाकट्याला त्या वासानेच गाडी लागायला लागली. हौदा असता तर पाइप मारून मोकळी झाले असते. पण पाठीचं आणि पावसाचं मी मागे घेत नाही.

हौदावाला_खारघर

पाठीचं मागे घेऊ नका. माझी आई दोन वर्षांपूर्वीच मागच्या सीटवर बसायची बंद झाली. ती पुढे बसते, बायको मुलांबरोबर मागे. हे मी आधी लिहिलं नाही कारण मला हरायचं नव्हतं.

आणि अकोलेकर, माझा बाप जुन्नरचा. घरी अजून दीड एकर आहे. बांध म्हणजे काय हे मला सांगायला नको, आणि म्हणूनच काल तुमचं वाचून झोप लागली नाही. अंधार होता, पोरं मागे 'पाणी, पाणी' ओरडत होती, खाली उतरायला वाट दिसली असं मला वाटलं. सकाळी निघताना दिसलं, ती वाट नव्हती. दिसलं आणि मी निघालो. थांबून कोणाला विचारलं नाही. टेंट-थाळ्यांचं बोलून तुमच्यावर राग काढला तो माझ्यावरचाच होता.

चुलत्यांचा नंबर खासगीत पाठवा. पुढचं त्यांच्याशी बोलेन, इथे नाही.

अकोल्याचा_ऐरोलीत

पाठवला. दुपारी एकनंतर करा, सकाळी रानात रेंज नसते. ते पैसे घेणार नाहीत, आग्रह करू नका. जूनच्या आधी एक दिवस आलात तर बरं. बांधाला दगड लागतात आणि ते वरच्या वळणावरून आणायला त्यांच्याकडे गाडी नाही.

सीवूड्सचा_नवा

सगळं वाचलं. आमच्याकडे दीड वर्षाचं बाळ, दोघं नोकरीला, वर्षातून चार मुक्काम, त्यातले दोन कोकणात. शेवटी हायलक्स की गुरखा?

पाचदारी_गुरखा

गुरखा.

घोडबंदरची भटकी

बाळाची सीट नीट घट्ट अडकवता येईल अशी मागची सीट ज्यात असेल ती. शोरूममध्ये सीट सोबत नेऊन बसवून बघा. आणि कोकणात किनाऱ्यावर कुठलीच उतरवू नका. ओहोटीला वाळू घट्ट वाटते, भरती यायला सहा तास लागतात, आणि अडकलेली गाडी निघायला तेवढाच वेळ लागतो.

हौदावाला_खारघर

हायलक्स. पण आधी पार्किंग मोजा.