शाळेतल्या मुलांना वर्गाबाहेर नेऊन निसर्ग शिकवायचाय, कोणत्या संस्थेची मदत घ्यावी?

रानपाखरू
नमस्कार मंडळी. मी पाचवी ते सातवीला भाषा शिकवते, विज्ञानाशी संबंध दहावीनंतर सुटला तो सुटलाच, आणि तरीही यंदा शाळेचं पर्यावरण मंडळ माझ्या गळ्यात पडलंय (मीटिंगला उशिरा पोचणाऱ्यालाच अशी कामं मिळतात हे अनुभवी लोकांना माहीत असेल). पण आता आलंच आहे अंगावर तर नीट करावं म्हणते. आत्तापर्यंत मंडळाचं काम म्हणजे पोस्टर स्पर्धा, निबंध आणि पाच जूनला एक रोप लावून पंधरा जणांनी त्याला हात लावलेला फोटो. मला मुलांना बाहेर न्यायचंय. आठवड्याला एक जोडतास मिळालाय, मैदान आहे, कडेला झाडं आहेत, मागे एक पडीक तुकडा आहे जिथे जायला मुलांना बंदी आहे. पैसे जवळपास नाहीत. तर अशा कामात शाळांना मदत करणाऱ्या संस्था कोणत्या, त्या नक्की देतात काय, म्हणजे माणूस पाठवतात की साहित्य देतात की नुसतं सर्टिफिकेट, आणि माझ्यासारख्या विज्ञान न येणाऱ्या बाईने सुरुवात कुठून करावी? शोधलं तर ढीगभर नावं येतात आणि सगळ्यांच्या साइटवर तीच हिरवी पानं, तीच हसरी मुलं.

मुंगी_उवाच
वाचतेय. आमच्याकडेही हेच रडगाणं आहे. जाणकार लिहितीलच.

जुना_मास्तर
ताई, मी आता रिटायर आहे त्यामुळे सविस्तर लिहायला वेळ आहे, कंटाळा आला तर खाली स्क्रोल करा. आधी हे ठरवा की संस्था कशासाठी हवीय. काही संस्था मुलांना उचलून दुसरीकडे नेतात, कॅम्प, ट्रेक, दोरावरून उतरणं वगैरे. आउटवर्ड बाउंड हे त्यातलं जगभर पसरलेलं नाव, १९४१ साली वेल्समधल्या अबरडोव्हीला सुरू झालं, आणि पोरांच्या अंगात धीर नि दम यावा हा त्यांचा मूळ उद्देश, झाडं-पक्षी नव्हेत. चांगलंच आहे ते, फक्त त्याला पर्यावरण शिक्षण म्हणू नये. उलट ब्रिटनचीच फील्ड स्टडीज कौन्सिल (१९४३) बघा, तिथे मुलं केंद्रावर जाऊन राहतात ती तळ्यातले किडे मोजायला नाहीतर किनाऱ्यावरच्या खडकाला कुठवर काय चिकटलंय ते बघायला. दोन्हीकडून पोरं चिखलात माखूनच येतात त्यामुळे पालकांना दोन्ही सारखंच वाटतं.

आता तुमच्याकडे पैसे नाहीत पण दर आठवड्याला जोडतास आहे, आणि खरं सांगू का, बऱ्याच शाळांची परिस्थिती याच्या बरोब्बर उलटी असते. सहलीला पैसे मिळतात, तास कोणी देत नाही. त्यामुळे वर्षातून एकदा मुलांना नेऊन आणणारी संस्था तुमच्या कामाची नाही. शिक्षकाला तयार करून बाजूला होणारी शोधा. कुठल्याही संस्थेला पहिला प्रश्न हा विचारायचा की तुम्ही गेल्यावर हे कोण चालवणार? जी गडबडते तिला चहा पाजून रवाना करायचं.

अवांतर: १९७७ साली तिबिलिसीला युनेस्कोची परिषद झाली होती, त्यात पर्यावरण शिक्षणाची उद्दिष्टं ठरली, जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्य आणि सहभाग. बहुतेक शाळांची गाडी दुसऱ्यावरच अडकते कारण पेपरात तेवढंच विचारता येतं.

पिंपळपान
इको-स्कूल्स बघा असं सुचवेन. कोपनहेगनला मुख्यालय असलेली फाउंडेशन फॉर एन्व्हायर्नमेंटल एज्युकेशन म्हणून संस्था आहे, फी म्हणतात तिला, तिचा हा कार्यक्रम १९९४ पासून चालू आहे आणि कितीतरी देशांत पसरलाय. ते माणूस पाठवत नाहीत, चौकट देतात. सात पायऱ्या आहेत, पण मला त्यातल्या पहिल्या दोनच सगळ्यात भारी वाटतात, एक म्हणजे मुलांची स्वतःची समिती आणि दुसरी म्हणजे शाळेची तपासणी जी मुलांनीच करायची. कुठला नळ गळतोय, कचरा शेवटी जातो कुठे, रिकाम्या वर्गात पंखे चालू राहतात का, हे सगळं मुलं लिहून काढतात आणि मग त्यावर काय करायचं तेही तीच ठरवतात. सगळ्या पायऱ्या नीट झाल्या की ग्रीन फ्लॅग मिळतो. प्रत्येक देशात त्यांची एक सभासद संस्था हे चालवते, त्यामुळे आधी तुमच्याकडची कोण ते शोधायला लागेल.

खडूफळा
झेंड्याच्या नादाला लागू नका हो. एका शाळेत हे जवळून बघितलंय, नाव घेत नाही. फाईल एवढी जाड झाली की उचलवत नव्हती, त्यात समितीचे मिनिट्स, फोटो, सह्या, सगळं होतं, फक्त मुलं बाहेर गेली नाहीत कारण फाईल पूर्ण करायची होती. सर्टिफिकेट आलं की शाळेचा उत्साह पण संपतो. ज्या कार्यक्रमात बक्षीस शाळेला मिळतं तिथे मुलं मजूर होतात हे माझं स्पष्ट मत आहे.

पिंपळपान
खडूफळा, अहो हे शाळेवर आहे ना पण, कार्यक्रमावर काय राग. सात पायऱ्यांतली एक अभ्यासक्रमाशी जोडण्याचीच आहे. आणि फाईल असली की मुख्याध्यापक बदलले तरी काम टिकतं हा फायदा कमी नाही, नवीन आलेला माणूस हे काय चाललंय म्हणून बंद करायला निघतो तेव्हा दाखवायला काहीतरी लागतं.

खडूफळा
हा मुद्दा मान्य. तरी पहिल्या वर्षी नको, एवढंच म्हणणं आहे.

ढगात_गेलेला
रानपाखरू, ग्लोब प्रोग्रॅमबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही अजून? नासाचा पाठिंबा असलेला शाळांसाठीचा कार्यक्रम आहे, १९९४च्या वसुंधरा दिनाला जाहीर झाला, १९९५ला सुरू झाला, शंभरावर देश त्यात आहेत. विज्ञान येत नाही म्हणून घाबरू नका कारण प्रत्येक निरीक्षण कसं घ्यायचं हे पायरीपायरीने लिहिलेलं आहे, आणि शिक्षकासाठी ऑनलाइन ट्रेनिंग फुकट आहे. हवा, पाणी, माती, झाडं असे भाग आहेत पण तुम्ही ढगांपासून सुरू करा. ढगांना काहीही साहित्य लागत नाही, मैदानात उभं राहून वर बघायचं, आकाशाचा किती भाग झाकलाय आणि ढग कुठल्या जातीचे ते नोंदवायचं. यातली मजा अशी की उपग्रह ढग वरून बघतो, त्यामुळे उंचावरच्या ढगांच्या थराखाली जे ढग लपलेले असतात ते त्याला नीट कळत नाहीत, आणि मुलं खालून बघतात म्हणून त्यांना ते दिसतात. तुमची नोंद आणि उपग्रहाची नोंद एकाच सुमाराची असेल तर दोन्हींची तुलना करून नासाकडून ईमेल येतो. सहावीतल्या मुलाला आपल्याला जे दिसलं ते उपग्रहाला दिसलं नाही हे कळतं तेव्हा तो पुढच्या आठवड्यात तुमच्या आधी मैदानात पोचलेला असतो.

मुंगी_उवाच
हे भारी आहे, ढगवाल्यांचे आभार. मी पण एक भर घालते. झाडांची नोंद ठेवणारे कार्यक्रम आहेत, म्हणजे एक झाड निवडायचं आणि नियमाने बघायचं की कोवळी पानं आली का, फुलं किती, फळं किती. भारतात सीझनवॉच आहे, अमेरिकेत नेचर्स नोटबुक, ब्रिटनमध्ये वुडलँड ट्रस्टचं नेचर्स कॅलेंडर. ऋतू पुढेमागे सरकतायत का हे शास्त्रज्ञांना अशा नोंदींवरून कळतं, पण त्यासाठी वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात, आणि शाळेइतकं एका जागी वर्षानुवर्ष राहणारं दुसरं कोण आहे सांगा, पाचवीची मुलं सातवीत गेली की झाड खालच्या वर्गाच्या ताब्यात द्यायचं.

आणि पक्ष्यांसाठी ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट, फेब्रुवारीत चार दिवस असतो, कमीत कमी पंधरा मिनिटं एका जागी पक्षी मोजायचे. वर्षातला एकच कार्यक्रम करायचा असेल तर हा करा.

खडूफळा
मोबाइल ॲप वापरायचं झालं तर एक लक्षात ठेवा, आयनॅचरलिस्टवर (झाडं-प्राण्यांच्या नोंदी ठेवायचं ॲप) पालकांच्या परवानगीशिवाय खातं काढायला तेरा वर्षं पूर्ण लागतात, तुमची पाचवी-सहावीची मुलं बसत नाहीत त्यात. त्यांचंच सीक नावाचं ॲप आहे ते मुलांसाठी बरं, खातं काढावं लागत नाही, कॅमेरा धरला की झाड किंवा किडा ओळखतं. पण गटाला एकच फोन द्या, तोही शिक्षकाचा, आणि आधी मुलांनी अंदाज लिहायचा मग फोन. नाहीतर पानाकडे कोणी बघत नाही, स्क्रीनवर नाव आलं की पुढचं झाड.

नवा_गडी
आमची संस्था शाळांसाठी दोन दिवसांचा निसर्ग अनुभव कॅम्प घेते. ॲडव्हेंचर, नेचर ट्रेल, कॅम्पफायर, लीडरशिप, सर्टिफिकेट सगळं समाविष्ट. इच्छुकांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा.

जुना_मास्तर
नवा_गडी, इथेच सांगा की सगळ्यांना उपयोग होईल. किती मुलांमागे एक माणूस असतो, त्यातल्या कितीजणांना प्रथमोपचार येतात, जागा आधी बघून धोक्याची नोंद कोण करतं आणि ती शाळेला लेखी देता का, पाऊस झाला तर दुसरा बेत काय, नेचर ट्रेल कोण घेतं आणि त्याला तिथली झाडं ओळखू येतात का, आणि कॅम्पनंतर शाळेत काय होतं?

(गंमत म्हणून नाही विचारत. रानपाखरू, कोणीही कॅम्पवाला आला तर हेच विचारा. आणि वाटेत कचरा न टाकणं, फुलं न तोडणं, प्राण्यांपासून लांब राहणं याचे नियम मुलांना कोण सांगतं हेही. लीव्ह नो ट्रेस नावाची अमेरिकन संस्था आहे, तिची सात तत्त्वं जगभर वापरतात, ज्यांना ती माहीतच नाहीत त्यांच्याबरोबर पोरं जंगलात पाठवू नयेत.)

रानपाखरू
बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. ढग नक्की घेणार. नवा_गडी यांचं उत्तर आलं नाही अजून, असो. दोन प्रश्न राहिलेत. एक, पालक आणि आमचे सर दोघंही म्हणतात की बाहेर गेलं की अभ्यासाचा वेळ जातो, त्यांना काय सांगू? आणि दुसरा, हे सगळं विज्ञानाचंच चाललंय, मी भाषेची बाई आहे, माझ्या विषयाचं यात काही आहे का?

ढगात_गेलेला
पहिल्याला माझं उत्तर, तैवान. तिथे २०१० मध्ये सरकारने शाळकरी मुलांसाठी रोज १२० मिनिटं उघड्यावर असा कार्यक्रम सुरू केला, आणि तो निसर्गप्रेमातून नाही तर मुलांचे चष्मे वाढत होते म्हणून. बाहेरचा प्रकाश डोळ्यांत गेला तर लहान वयात मायोपिया (लांबचं धूसर दिसणं) सुरू होण्याचं प्रमाण कमी होतं असं अभ्यासांत दिसलंय. पालकसभेत फुलपाखरांपेक्षा चष्म्याचा मुद्दा जास्त चालतो.

पिंपळपान
दुसऱ्या प्रश्नासाठी तर तुम्हाला टाळ्या, कारण हे आधीच सुचायला हवं होतं. त्याच फी संस्थेचा यंग रिपोर्टर्स फॉर द एन्व्हायर्नमेंट म्हणून वेगळा कार्यक्रम आहे. मुलांनी आपल्या परिसरातला एक पर्यावरणाचा प्रश्न पकडायचा, तिथे जाऊन शोध घ्यायचा, उपाय काय असू शकतो ते लोकांना विचारून ठरवायचं, मग बातमी लिहायची नाहीतर फोटो किंवा व्हिडिओ करायचा आणि ते लोकांपर्यंत पोचवायचं. अकरा वर्षांपासून पुढे घेतात म्हणजे तुमची सहावी-सातवी बसते. मुलाखत कशी घ्यायची, ऐकीव आणि बघितलेलं वेगळं कसं ठेवायचं, मथळा कसा द्यायचा, हे विज्ञानाच्या सरांना नाही शिकवता येणार, तुम्हालाच येईल. तो मागचा पडीक तुकडा आहे ना, ज्यावर बंदी आहे? पहिली बातमी तीच, बंदी का आहे, कोणी घातली, तिथे उगवलंय काय.

मुंगी_उवाच
+१ पिंपळपान. आणि मुलांनाच विषय ठरवू द्यायचा असेल तर चिंपांझींचा अभ्यास करणाऱ्या जेन गुडॉल यांचं रूट्स अँड शूट्स पण बघून ठेवा. १९९१ला टांझानियात दार-ए-सलामला त्यांच्या घरच्या व्हरांड्यात बारा विद्यार्थ्यांबरोबर सुरू झालं. माणसं, प्राणी आणि परिसर या तिन्हींचा विचार करून मुलांनी आपल्या भागाचा नकाशा काढायचा आणि काय करायचं ते ठरवायचं, एवढंच आहे म्हटलं तर. चौकट एकदम सैल आहे त्यामुळे खडूफळा यांना पण चालेल.

खडूफळा
चालेल चालेल. फाईल नाही ना?

जुना_मास्तर
ताई, आता एकदम पाच ठिकाणी नाव नोंदवू नका. एक घ्या आणि वर्षभर तेच करा, त्याच मैदानात, त्याच झाडांखाली. पहिले दोन-तीन तास तर कुठलीच संस्था नको. सुतळीचा मीटरभर चौकोन करून जमिनीवर टाका आणि एका गटाला त्यातलं काय काय जिवंत आहे ते लिहायला लावा, दुसऱ्या गटाला कागदाच्या मधोमध फुली मारून स्वतःला तिथे धरायचं आणि ज्या दिशेने जो आवाज आला तो तिथे मांडायचा. यात कोणाला कशात रस आहे ते तुम्हाला कळेल, मग संस्था निवडा. फॉरेस्ट स्कूल (मुलांना नियमित झाडीत नेऊन शिकू द्यायची पद्धत) वगैरे शब्द कानावर येतील, तेही चांगलं आहे, डेन्मार्कमध्ये जाऊन बघून आलेल्या ब्रिटिश शिक्षकांनी १९९३ नंतर आणलं, पण त्याला प्रशिक्षित माणूस आणि झाडीची जागा नियमित लागते, तुमच्याकडे दोन्ही नाही सध्या.

रानपाखरू
ठरलं. सुतळी आणि फुलीचे कागद या आठवड्यात, ढगांचं ट्रेनिंग मी घरी बसून करते, आणि सहामाहीनंतर सातवीची बातमीदार मंडळी. एकच शेवटचं विचारते, वर्गात पन्नासच्या वर मुलं आहेत आणि मी एकटी. सगळ्यांना एकदम बाहेर काढू का?

जुना_मास्तर
नको. निम्मी बाहेर, निम्मी आत लिहीत बसलेली, तीही खिडकीतून तुम्हाला दिसतील अशा वर्गात, आणि मधे अदलाबदल. जोडतास त्यासाठीच असतो. आतल्यांना काम आधी फळ्यावर लिहून ठेवा, शेजारच्या वर्गाच्या शिक्षकांना सांगून ठेवा, आणि शिट्टी घ्या, हाकेने येत नाहीत बाहेर गेल्यावर.