स्कीबोर्डवर मीडियम जंपचं लँडिंग काही केल्या जमेना

डेन्व्हरचा_पुणेकर:
नमस्कार मंडळी. स्कीबोर्डवर (दोन पायांना दोन आखूड स्की) तिसरा सीझन आहे, ९९ सेंमीचे बोर्ड, बाइंडिंग नॉन-रिलीज, म्हणजे पडलं तरी बूट बोर्डवरून सुटत नाही. ब्रेकेनरिज आणि कीस्टोनच्या छोट्या पार्कात (उड्या आणि कसरतींसाठी बनवलेला उतार) बॉक्सवरून (घसरत जायची प्लास्टिकची रुंद पेटी) सरळ आरामात जातो, छोट्या जंपवर १८० (हवेत अर्धी गिरकी) पण येतं. पण मीडियम जंप घेतली की दर वेळी पाठीवर पडतो, आणि बॉक्सवर आडवं व्हायला गेलं की पायच निसटतात. लांब स्कीवाल्या मित्राने पुढे झुक म्हणून सांगितलं तर तोंडावर आपटलो. आता जंपच घोटवू की रेल (घसरत जायचा धातूचा दांडा) सुरू करू?

बर्फवेडी:
पुढे झुकणं आधी सोड. लांब स्कीला मागे चांगली शेपूट असते, उतरताना जरा मागे बसलास तरी ती सावरून घेते, आपल्या बोर्डला टाचेमागे दीड वीत उरते फक्त, आणि पुढेही तेवढंच, म्हणून तर तू एकदा पाठीवर आणि एकदा तोंडावर पडलास. कमरेतून नाही, घोट्यातून वाक, नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली राहू दे. रॅम्प चढायला लागला की माणूस आपोआप मागे रेलतो, बहुतेक तुझं तिथेच बिघडतंय. टोकावर दोन्ही पायांनी एकदमच उडी मार. आणि स्पीड बघ, कमी पडला तर उताराऐवजी मधल्या सपाटीवर आदळशील, मग कितीही चांगला उभा असलास तरी गुडघ्याला दणका बसणारच. पहिल्या फेरीत उडी न मारता बाजूने जाऊन जंप नीट बघून घे.

रेलवाला_सॉल्टलेक:
ताईंचं पटलं. बॉक्सचं सांगतो, आडवं झालं की नकळत बोर्डची कड लावली जाते, प्लास्टिकवर कड लावली की संपलंच. दोन्ही बोर्डचे तळ सपाट, गुडघे सैल, वजन दोन्ही पायांवर सारखं, आणि नजर बॉक्सच्या शेवटच्या टोकावर. पायाकडे बघितलंस की खांदे वळतात आणि मग बोर्ड पण वळतात. मी पायाखालची कड फाइलने थोडी बोथट केलीये, रेलवर अडकत नाही, पण सकाळच्या कडक बर्फावर पकड कमी मिळते, तेवढं चालवून घेतो.
रेलची घाई मात्र नको. गेल्या वर्षी एक बोर्ड रेलच्या खालच्या बर्फात रुतला, बाइंडिंग सुटलं नाही आणि माझा गुडघा मुरगळला, ६ आठवडे घरी बसलो. तुझंही नॉन-रिलीजच आहे म्हणून कळकळीने सांगतोय, शक्य असेल तर रिलीज होणारी बाइंडिंग बसव.

जुना_बोर्डर:
एक राहिलंच, स्विच, म्हणजे उलटं, पाठ पुढे करून चालवणं. हे बोर्ड दोन्ही टोकांना वळलेले असतात ते त्यासाठीच. १९९५ला जेसन लेव्हिन्थलने लाइन ही कंपनी सुरू केली ती स्कीबोर्डसाठी, तिचे लांब ट्विन टिप (दोन्ही टोकं वळलेले स्की) नंतर आले. आधी साध्या ग्रीन रनवर अख्खी दुपार उलटा चालव, मग छोट्या जंपवर स्विच १८० घे. उलटं उतरताना मागे बसून भागतच नाही, त्यामुळे मधोमध उभं राहायची सवय आपसूक लागते. माझं तरी लँडिंग त्यानेच सुधारलं, मोठ्या जंपांनी नाही.

डेन्व्हरचा_पुणेकर:
खूप आभार सगळ्यांचे! रॅम्पवर मागे रेलतो हे अगदी खरं, मोबाइलवरचा व्हिडिओ आत्ता परत बघितला, टोकाला पोचताना बुटाची जीभ आणि नडगी यात चक्क फट दिसतेय. शनिवारी आय-७० हायवे तुंबायच्या आत पहाटे ५ला निघतो, दिवसभर छोटाच पार्क आणि स्विच. रिलीजवाली बाइंडिंग बसवायला प्लेट लागते का, की सरळ बोर्डलाच स्क्रू करतात?