माँटगोमेरीतील वर्णभेदी आसनव्यवस्था कशामुळे मोडली : बहिष्कारामुळे की खटल्यामुळे?

कृष्णाकाठ (चर्चाप्रस्ताव)

अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरात ५ डिसेंबर १९५५ रोजी सुरू झालेला बसबहिष्कार ३८१ दिवस चालला आणि त्यामुळे बसमधील वर्णभेदी आसनव्यवस्था (पुढे गोरे, मागे कृष्णवर्णीय) संपली, असे आपण सर्वत्र वाचतो. माझ्या मते हे अर्धेच सत्य आहे. ती व्यवस्था संपवली ‘ब्राउडर विरुद्ध गेल’ या खटल्याने. आणि तो लढणाऱ्या ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅक्डोनाल्ड, क्लॉडेट कॉल्व्हिन व मेरी लुईस स्मिथ या चौघींची नावे, गोऱ्या प्रवाशासाठी आसन सोडायला नकार दिल्याने ज्यांना अटक झाली आणि त्यातून बहिष्कार सुरू झाला, त्या रोझा पार्क्स यांच्या नावामागे जवळजवळ दिसेनाशी झाली आहेत. कॉल्व्हिन यांना तर याच कारणासाठी पार्क्स यांच्या नऊ महिने आधी, २ मार्च १९५५ रोजी, वयाच्या पंधराव्या वर्षी अटक झाली होती.

बहिष्काराची आर्थिक झळ मोठी होती, कारण प्रवाशांपैकी सुमारे तीनचतुर्थांश कृष्णवर्णीय होते. परंतु झळ बसली बस कंपनीला, आणि निर्णय होता शहराच्या गोऱ्या कारभाऱ्यांच्या हाती. एप्रिल १९५६ मध्ये कंपनी सक्तीची विभागणी सोडायला तयार झाली, तेव्हा शहराने राज्याच्या न्यायालयात जाऊन तिला अडवले. पुढे १३ नोव्हेंबर १९५६ रोजी, आंदोलकांची सामायिक मोटारसेवा बंद पाडण्यासाठी शहराने केलेल्या अर्जाची सुनावणी चालू असतानाच, ब्राउडर खटल्यात ही आसनव्यवस्था घटनाबाह्य ठरवणारा संघीय न्यायालयाचा जूनमधील निकाल सर्वोच्च न्यायालयाने कायम केल्याची बातमी आली. मोटारसेवा त्याच दिवशी बंदही झाली. निकाल आला नसता, तर मोटारींवाचून दुसरा हिवाळा लोकांनी कसा काढला असता, याचे उत्तर बहिष्काराला सारे श्रेय देणाऱ्यांनी द्यावे.

साक्षेपी

हा युक्तिवाद मला पटत नाही. खटला बहिष्काराच्या पोटातूनच जन्मला. आंदोलकांच्या पहिल्या मागण्या किती माफक होत्या ते पाहा: चालकांनी सभ्यपणे वागावे, कृष्णवर्णीयांनी मागून व गोऱ्यांनी पुढून येईल त्या क्रमाने बसावे, आणि कृष्णवर्णीय वस्त्यांच्या मार्गांवर कृष्णवर्णीय चालक नेमावेत. एवढेही शहराने नाकारले. ३० जानेवारी १९५६ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला, आणि त्यानंतर दोनच दिवसांनी वकील फ्रेड ग्रे यांनी संपूर्ण व्यवस्थेलाच आव्हान देणारा हा ब्राउडर दावा दाखल केला. त्यात मूळच्या फिर्यादी पाच होत्या. पाचव्या स्त्रीने दबावामुळे लगेच नाव मागे घेतले. उरलेल्या चौघी टिकल्या, त्यामागे रोज पायी कामाला जाणाऱ्या हजारो लोकांचे बळ होते, हे विसरून कसे चालेल?

शिवाय निकाल आणि त्याची अंमलबजावणी यांतले अंतर पाहा. आंतरराज्य बसमध्ये अशी विभागणी चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने आयरीन मॉर्गन यांच्या खटल्यात १९४६ मध्येच म्हटले होते. तरीही १९६१ मध्ये गोरे व कृष्णवर्णीय मिळून बसने एकत्र प्रवास करणाऱ्या स्वातंत्र्ययात्रींना (‘फ्रीडम रायडर्स’) अलाबामात बेदम मारहाण झाली आणि ॲनिस्टनजवळ त्यांची बस जाळण्यात आली. शाळांमधील वर्णभेदी विभागणी घटनाबाह्य ठरवणारा १९५४ चा प्रसिद्ध निकाल तर व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड परगण्याने असा धुडकावला की १९५९ पासून पाच वर्षे तेथील सार्वजनिक शाळाच बंद ठेवल्या.

सावित्रीतीर

महाडचे उदाहरण येथे लागू पडते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये केला, महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये केला. पण २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या लोकांसह चवदार तळ्यावर गेले तोवर तो कागदावरच होता. माझे मत साक्षेपी यांच्या बाजूने.

कृष्णाकाठ

महाडची कथा तेथे संपत नाही. सत्याग्रहानंतर तळ्याचा हक्क कोर्टात गेला आणि उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल १९३७ मध्ये लागला. ती दहा वर्षे चिकाटीने खटला लढवणे हाही लढाच होता. १९६५ मध्ये अलाबामातीलच सेल्मा येथे मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चेकऱ्यांवर पोलिसांनी लाठ्या व अश्रुधूर चालवला. त्यानंतर माँटगोमेरीपर्यंतचा मोर्चा निघू शकला, तो न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांनी परवानगी दिली म्हणून. ब्राउडर खटल्यात दोन विरुद्ध एक अशा बहुमताचा निकाल देणाऱ्यांपैकी हेच एक होते. माझी खरी तक्रार अशी की साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहण्याचे धैर्य आपल्याला रस्त्यावरच्या धैर्यापेक्षा कमी मोलाचे वाटते. कॉल्व्हिन यांच्या नावावरची बालगुन्हेगारीची नोंद पुसली गेली ती २०२१ मध्ये, त्यांच्या वयाच्या ऐंशीनंतर.

साक्षेपी

कॉल्व्हिन यांच्याबाबत आपले मत एक आहे; त्यांची उपेक्षा चळवळीच्या पुढाऱ्यांनीही केली, आणि ती अन्याय्य होती. परंतु निकालानंतरच्या आठवड्यांचे काय? २१ डिसेंबर १९५६ रोजी लोक बसमध्ये पुढच्या आसनांवर बसले. आठवडाभरात बसवर गोळीबार सुरू झाला, एका गर्भवती कृष्णवर्णीय प्रवासी स्त्रीच्या पायांत गोळ्या घुसल्या, संध्याकाळच्या फेऱ्या काही काळ थांबवाव्या लागल्या; आणि १० जानेवारी १९५७ रोजी चार चर्च व दोन धर्मोपदेशकांची घरे बॉम्बने उडवली गेली. न्यायालयाचा आदेश त्या दिवसांत कोणाला हाताला धरून बसमध्ये चढवू शकत नव्हता. तरीही लोक चढले, कारण वर्षभर चर्चमधल्या सभांना जाऊन, जॉर्जिया गिलमोर यांच्यासारख्या स्वयंपाकिणींनी पदार्थ विकून जमवलेल्या पैशांवर मोटारी चालवून, त्यांना एकमेकांचा भरवसा वाटू लागला होता.