मदत हवी आहे: सीए फर्मचा कार्बन हिशोब आणि 'नेट झिरो'चं पत्र

नमस्कार मंडळी,

मी पुण्यातल्या एका सीए फर्ममध्ये मॅनेजर आहे. आर्टिकल्स (सीएचे शिकाऊ विद्यार्थी) धरून आम्ही ६५ जण. लंडनच्या एका क्लायंटने नवं काम देण्याआधी प्रश्नावली पाठवली आहे: स्कोप १ (स्वतःच्या ताब्यातल्या गाड्या-यंत्रांचं), २ (विकत घेतलेल्या विजेचं), ३ (दौरे, येणं-जाणं असं बाकीचं) चं उत्सर्जन किती, आधारवर्ष (ज्याच्याशी तुलना करून घट मोजायची ते) कोणतं, नेट झिरो (उत्सर्जन घटवून, उरलेलं भरून काढून निव्वळ शून्य) कधी. आपल्याकडे धूर निघतो तो चहाच्या गॅसचा, असं म्हणत सरांनी ते माझ्या गळ्यात घातलं. "दोन तासांचं काम आहे." आज तिसरा आठवडा.

महावितरणच्या बारा बिलांची बेरीज १,१०,००० युनिट. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा २०२३-२४ चा गुणक युनिटला ०.७२७ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे ८० टन. फर्मच्या दोन डिझेल गाड्या, ३,००० लिटर, लिटरला २.६८ किलोने ८ टन. इथवर जमलं.

पुढे अडकले. बिल्डिंगचा जनरेटर मालकाचा, आम्ही मेंटेनन्समधून डिझेलचा वाटा देतो. तो स्कोप १ का? विमानप्रवास लेजरमध्ये फक्त रुपयांत आहे. पुणे-दिल्लीचं तिकीट कधी ५,००० ला, कधी १४,००० ला. रुपयांवरून काढलं तर एकाच विमानातल्या दोघांचा कार्बन वेगळा येतो!

खरी अडचण पत्राची. सरांना '२०३० पर्यंत नेट झिरो' लिहायचंय. आधारवर्ष २०१९-२०, कारण तेव्हा सगळे ऑफिसात होते आणि दौरेही जोरात. आता अर्धे घरून काम करतात, म्हणजे काही न करताच घट दिसते. उरलेलं मुळशीकडे झाडं लावून फेडायचं. एखाद्या क्लायंटने घसाऱ्यात असली चलाखी केली असती तर आम्हीच शेरा मारला असता. सरांना काय सांगू?

ताकविरजण:
जनरेटर तुमच्या ताब्यात नाही, त्यामुळे स्कोप १ नाही. त्याची वीज तुम्ही विकत घेता, ती स्कोप २ मध्ये. विमानासाठी ट्रॅव्हल एजंटकडून वर्षभराची यादी मागवा, कुठून कुठे आणि कोणत्या वर्गाने. ब्रिटन सरकार दरवर्षी गुणकांचा तक्ता काढतं, फुकट मिळतो. लांबच्या बिझनेस क्लासचा गुणक इकॉनॉमीच्या जवळजवळ तिप्पट असतो, कारण जागा जास्त अडते. पार्टनर मंडळी लंडनला कशी जातात तेही बघा :)
आणि एसीत गॅस भरलात का? तो विसरलेला दिसतोय.

धागाकर्ती:
भरला होता, बिलावर आर-४१०ए, ३ किलो. तेवढ्याने काय होतंय?

ताकविरजण:
भरला म्हणजे तेवढा आधी गळला. त्याचा एक किलो हवेत गेला की २ टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरतो. तुमचे ६ टन झाले, स्कोप १ मध्ये. दोन गाड्यांच्या ८ टनांशेजारी ठेवून बघा.

हिशोबनीस:
पत्राबद्दल. सायन्स बेस्ड टार्गेट्स (कंपन्यांची कार्बन घटीची उद्दिष्टं तपासणारी संस्था) च्या निकषाने नेट झिरो म्हणजे निदान ९० टक्के प्रत्यक्ष घट, ती उशिरात उशिरा २०५० पर्यंत. विकत घेतलेली कार्बन क्रेडिट्स (दुसऱ्याने केलेल्या घटीची प्रमाणपत्रं) घटीत धरत नाहीत. मुळशीची झाडं लावा, पण वजाबाकीत नको. घरून काम करणाऱ्यांची वीज कर्मचाऱ्यांच्या येण्या-जाण्याच्या रकान्यात दाखवता येते. ती दाखवलीत तर सरांची 'घट' बरीच आटेल. आधारवर्ष नेहमीसारखं आणि आकडे हाताशी असलेलं घ्या. मी २०२३-२४ घेईन. लहान फर्मसाठी सायन्स बेस्ड टार्गेट्सची वेगळी सोपी वाट आहे, तीही बघा.
दुसरं, हा क्लायंट ब्रिटिश सरकारची मोठी कामं घेतो का? तिथे २०२१ पासून पीपीएन ०६/२१ नावाचा सरकारी खरेदीचा नियम आला (२०२५ पासून त्याच्या जागी पीपीएन ००६). वर्षाला ५० लाख पौंडांवरची सरकारी कंत्राटं घेणाऱ्यांनी २०५० पर्यंत नेट झिरोची बांधिलकी आणि कार्बन घटवण्याचा आराखडा द्यायचा. स्कोप ३ चे तिथे पाचच रकाने, त्यात दौरे, येणं-जाणं, कचरा. क्लायंटने २०३० लिहायला सांगितलंय कुठे?

धागाकर्ती:
आत्ताच प्रश्नावली उघडून पाहिली. नुसतं 'कोणत्या वर्षापर्यंत' एवढंच आहे, २०३० आमच्याच सरांचं. उद्या दोन्ही हिशोब समोर ठेवते, बिझनेस क्लाससकट.
आता येण्या-जाण्याचा फॉर्म फिरवलाय. निम्मे आर्टिकल्स स्कूटरवर डबलसीट येतात. पेट्रोल चालवणाऱ्याच्या नावे की अर्धं अर्धं?

ताकविरजण:
दोघेही तुमचेच ना? मग स्कूटर एकदाच मोजा.