सुरमई कुठल्या देशाची? शेजारी देशांनी मिळून समुद्र राखल्याचं उदाहरण आहे का?

वेसाव्याची पोर:
आमचं घर वेसावे कोळीवाड्यात. बाबांची बोट आहे, आई मासळी विकते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बोट किनाऱ्यावर, खलाशी आपापल्या गावाला, आणि दोन महिने घर कसं चालतं ते आमचं आम्हाला ठाऊक. तरीही बाबा बंदीच्या बाजूचे. "माशाला अंडी टाकायला वेळ नको का?" असं म्हणतात.

बंदी लागायच्या आठवडाभर आधीची गोष्ट. आईने एका गिऱ्हाइकाला सुरमई कापून दिली. पोट फाडलं तर दोन्ही बाजूंनी टच्च भरलेली गाबोळी, म्हणजे अंडीच अंडी. गिऱ्हाईक खूश. आई मात्र कोयता तसाच धरून बघत राहिली. "चार दिवस राहिली असती तर," एवढंच म्हणाली, पाणी मारून फळी धुतली आणि पुढची सुरमई घेतली.

तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय. सुरमई कराचीलाही उतरते, मस्कतलाही. आपण इथे हात आवरायचा आणि पलीकडे जाळी पडत राहायची, मग उपयोग काय? देशादेशांनी मिळून मासे आणि प्रवाळ राखलेत असं कुठे झालंय का? आणि ते बोटीवरच्या माणसापर्यंत पोचलं का?

खारा वारा:
ताई, मी सागरी जीवशास्त्र शिकतोय, माहीत आहे तेवढं सांगतो. सगळ्यात मोठं उदाहरण कोरल ट्रँगल या समुद्री पट्ट्याचं. इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपिन्स, पापुआ न्यू गिनी, सॉलोमन बेटं आणि तिमोर-लेस्ते या सहा देशांनी २००९ मध्ये इंडोनेशियातल्या मनाडोला एकत्र येऊन तिथलं प्रवाळ आणि मासे राखायचा करार केला. जगात माहीत असलेल्या प्रवाळ जातींपैकी सुमारे ७६ टक्के त्या पट्ट्यात आहेत.

सहा जण का लागले? प्रवाळ एका जागी चिकटलेलं असलं तरी त्याची पिल्लं सुरुवातीला पाण्याबरोबर वाहत जातात, माशांच्या पिल्लांचंही तसंच. एका देशाने राखलेल्या खडकावरचं बी शेजारच्या देशात रुजू शकतं. पण त्यात कुणी कुणाला दंड करत नाही. आराखडा सामाईक, अंमलबजावणी ज्याची त्याने करायची. माझ्या मते दुबळी बाजू तीच.

लहान पण नेमकं उदाहरण हवं असेल तर फिलिपिन्स आणि मलेशियाने १९९६ मध्ये नऊ बेटं मिळून कासवांसाठी राखीव केली. सहा फिलिपिन्सची, तीन मलेशियाची. कासव अंडी घालायला कुठल्या बेटावर चढेल ते कुणी सांगावं?

आणि तुमच्या सुरमईचं. ती हिंदी महासागर टूना आयोगाच्या अखत्यारीतल्या १६ जातींच्या यादीत आहे. आयोगाचं कार्यालय सेशेल्सला. भारत, पाकिस्तान, इराण, ओमान, श्रीलंका, मालदीव सगळे सदस्य. म्हणजे टेबल आहे. फक्त ठराव पटला नाही तर सदस्य देश हरकत नोंदवून त्यातून बाहेर राहू शकतो.

वेसाव्याची पोर:
सुरमईसाठी असं टेबल आहे हे आमच्या गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं!

देवगडकर (मु. पो. दादर):
पैशाची गोष्ट निघाल्याशिवाय करार टिकत नाही, असं माझं मत. पॅसिफिकमधल्या छोट्या देशांनी १९८२ मध्ये नाउरू करार केला, आता त्यात आठ देश आहेत. एकेकट्याने परदेशी टूना बोटींशी बोलायचं सोडून ते आता मासेमारीचे दिवस मोजून विकतात. दिवस ठरलेले, त्याचा खालचा भावही ठरलेला. माशालाही उसंत मिळते आणि तिजोरीही भरते.

आपल्याकडे भारत-श्रीलंकेमधल्या पाल्कच्या सामुद्रधुनीत बघा. तळ खरवडणाऱ्या ट्रॉल जाळ्यांवर श्रीलंकेने २०१७ मध्ये कायद्याने बंदी आणली. त्याआधी २०१६ मध्ये दोन्ही देशांनी संयुक्त गट नेमला, हा प्रकार थांबवायचं मान्यही केलं. तरी तमिळनाडूचे मच्छीमार अजून तिकडे पकडले जातात, आणि श्रीलंकेतला गरीब तमिळ मच्छीमार आपली फाटकी जाळी बघत बसतो. पाकिस्तानबरोबर तर १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या द्यायच्या, त्यात आपल्या पालघरच्या खलाशांची नावं शोधायची. आधी माणसं घरी येऊ देत, मासे राखायचं त्याच्यानंतर बोलू.

आमच्या विजयदुर्गासमोर खोल समुद्रात आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची. तिथलं प्रवाळ तर पूर्ण आपल्याच हद्दीतलं. ते नीट राखायला कुठल्या शेजाऱ्याची परवानगी लागते?

वेसाव्याची पोर:
काका, खलाशांचं म्हणालात ते अगदी पटलं.

काल रात्री हे सगळं बाबांना वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कवींवरून, म्हणजे समुद्रात जाळी बांधायला रोवलेल्या खुंटांवरून, इथे गावागावांत भांडणं झाली, दोन्हीकडचे नाखवा समोरासमोर बसले तेव्हाच बोलणं पुढे गेलं. त्या आयोगाच्या बैठकीला आपल्याकडून तांडेल कोण जातो?" मला उत्तर देता आलं नाही.

आईने तिच्यापुरतं सुरू केलंय. पापलेटची किमान लांबी १३५ मिलीमीटर, म्हणजे वीतभरही नाही. तेवढ्या मापाची खूण तिने फळीच्या कडेवर कोयत्याने पाडून ठेवलीय. त्याहून लहान असेल तर घेत नाही, बोटवाला ओळखीचा असला तरी.

नारळी पुनवेच्या आधी मच्छीमार सोसायटीची सभा आहे. आयोगाच्या बैठकीला जाताना आमच्याशी कोण बोलणार, असा अर्ज मत्स्यव्यवसाय खात्याला द्यायचाय. मसुदा मी लिहिते. खारा वारा, आयोगाच्या नियमांचा भाग तुम्ही तपासून द्याल का?