मदत हवी आहे: व्हिडिओ बघताना सगळं कळतं, स्वतः क्वेरी लिहायला बसलं की डोकं ब्लँक

नोकरी सांभाळून ऑनलाईन एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न, म्हणजे क्वेरी, विचारायची भाषा) शिकतेय. कोर्स रेकॉर्डेड आहे, त्यामुळे अडलं तर विचारायला समोर कोणी नसतं. व्हिडिओ चालू असताना सगळं पटापट कळतं, पॉज करून तीच क्वेरी टाईप केली की चालतेही, पण तोच प्रश्न जरा फिरवून आला की संपलं. उदा. 'एकही ऑर्डर न दिलेले ग्राहक शोधा', यात लेफ्ट जॉइन (ऑर्डर नसली तरी प्रत्येक ग्राहक ठेवून दोन टेबलं जोडणं) लावून ऑर्डरच्या टेबलात नल (म्हणजे रिकामं) कुठे येतंय ते बघायचं हे उत्तर बघितल्यावर लगेच पटतं, आपणहून काही केल्या सुचत नाही.

व्हिडिओ स्पीड कमी करून परत बघून झालेत, वहीत नोट्स काढल्या (दिसतात सुंदर, उपयोग शून्य). अँकीवर (पाठांतराच्या फ्लॅशकार्डांचं ॲप) कार्डं केली, त्याने सिंटॅक्स पाठ झाला पण कुठे वेअर (गट करण्याआधी ओळी गाळणं) आणि कुठे हॅविंग (गट केल्यावर गट गाळणं) हे प्रश्न वाचून अजून ठरवता येत नाही.

वेळ रात्री तासभरच मिळतो, ऑफिसचा डेटा सरावाला वापरता येत नाही. घरच्या लॅपटॉपवर एसक्यूलाईट (छोटं डेटाबेस सॉफ्टवेअर) नीट चालतंय, त्यामुळे सॉफ्टवेअर बदला किंवा दुसरा कोर्स घ्या असं प्लीज सुचवू नका.

पुढचा भाग विंडो फंक्शन्सचा (ओळी एकत्र न करता त्यांच्या गटावर हिशोब करणं) आहे. नोकरी करत असं शिकलेल्यांनी सांगा, इथेच थांबून जॉइन आणि ग्रुप बायचीच उदाहरणं सोडवत बसू की पुढे जाऊ? आणि एखादं अडलं तर उत्तर उघडायच्या आधी साधारण किती वेळ झटायचं?