आईबाबा वेगळे झाल्यावर मुलांचं वागणं : तेव्हा आणि नंतर (अनुभव धागा)

आईबाबांचा घटस्फोट झाला तेव्हा मी चौथीत होते. साल १९९७. त्या वर्षी माझा वर्गात पहिला नंबर आला आणि सगळे म्हणाले, "पोर किती समजूतदार आहे, तिला काही त्रास नाही." मी समजूतदार नव्हते, घाबरलेली होते. बाबा गेले, आता आपण हट्ट केला तर आईपण जाईल, एवढंच डोक्यात होतं. चपलेचा अंगठा तुटला तर सेफ्टी पिन लावून महिनाभर चालायचे, पण मागायचे नाही.

रडू आलं ते पंधरा वर्षांनी. साखरपुड्याच्या आदल्या रात्री होणाऱ्या नवऱ्याला फोन करून सांगितलं, लग्न नको. त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ ज्युडिथ वॉलरस्टीन यांनी १९७१ पासून कॅलिफोर्नियातल्या ६० कुटुंबांमधल्या १३१ मुलांचा पंचवीस वर्षं मागोवा घेतला. लहानपणी शांत असलेल्या काही मुलींचा त्रास स्वतःचं नातं जुळायच्या वेळी वर येतो, असं त्यांना दिसलं. हे वाचलं तेव्हा माझी ती रात्र मला समजली. त्यांनी पाहिलेली कुटुंबं थोडी आणि एकाच सुखवस्तू भागातली होती. नंतर तिथल्याच दुसऱ्या मानसशास्त्रज्ञ मेव्हिस हेदरिंग्टन यांना त्यांच्या अभ्यासात बहुतेक मुलं सावरलेली दिसली, हेही सांगायलाच हवं. मीही सावरले. तो साखरपुडा झाला, जरा उशिरा.

म्हणून विचारते आहे. लगेच काय झालं ते लिहाच, पण दोन, पाच, पंधरा वर्षांनी काय झालं तेही लिहा. मुलांची ओळख पटेल असं काही नको.

मुलगा, आता २७ वर्षांचा

एक आड एक शनिवार बाबांकडे. माझ्याकडे दोन कंपासपेट्या होत्या आणि हवा तो कोनमापक नेमका दुसऱ्या घरी असायचा. शुक्रवारी रात्री पोट दुखायचं. आईला वाटायचं, बाबा बाहेरचं खायला घालतात. बाबांना वाटायचं, आई शिकवून पाठवते. आमच्या डॉक्टरांनीच पहिल्यांदा विचारलं, "दर दुसऱ्या शुक्रवारीच कसं दुखतं रे?"

मी खोटं बोलायला शिकलो ते तेव्हाच. "तिकडे काय खाल्लंस?" "काही विशेष नाही." पावभाजी खाल्लेली असायची, मजाही आलेली असायची. पण ती सांगितली की आईचा चेहरा पडायचा. आजही ऑफिसात दोन साहेबांचं वाजलं की मी दोघांनाही "बरोबर आहे तुमचं" म्हणतो आणि घरी येऊन पोट धरून बसतो.

आई, मुलगी आता पंधरा वर्षांची

लेक तीन वर्षांची होती, त्यामुळे ताबा माझ्याकडे आला. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडेच राहतं. सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं, चारेक महिन्यांत थांबलं. मला वाटलं, संपलं.

सातवीत गेली आणि दारं आपटायला लागली. "तूच बाबांना घालवलंस." जूनमध्ये वह्यांना लेबलं लावताना पाहिलं, तिने मधलं नावच गाळलं होतं. नुसतं नाव आणि आडनाव. पुढच्या सत्रात मध्ये माझं नाव आलं. मग परत वडिलांचं. आता महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारी कागदांवर आधी आईचं आणि मग वडिलांचं नाव लागतं. माझ्या लेकीला मात्र दरवेळी एकाला खोडूनच दुसरं लिहावं लागलं.

समुपदेशक बाईंनी सांगितलं ते लिहून ठेवलंय : तिसऱ्या वर्षी दिलेलं उत्तर बाराव्या वर्षी पुरत नाही, तोच प्रश्न ती नव्या अकलेने विचारते आहे. मी पुन्हा बसून सगळं सांगितलं. वकिलाच्या भाषेत नाही आणि बाबांना नावं न ठेवता. दारं अजून आपटतात, पण कमी.

आजोबा

नातू आमच्याकडेच वाढतो आहे. एकदा त्याने रागाने ताट सरकवलं आणि आमच्या हिच्या तोंडून निघून गेलं, "अगदी बापावर गेलाय." त्यानंतर पोराने रागावणंच सोडलं. आम्ही खूश. काही आठवड्यांनी रात्री दिवा मालवल्यावर विचारतो, "आबा, मी पण वाईट आहे का?" तेव्हापासून या घरात जावयाचं नाव निघालं तर चांगल्याच शब्दात. कृपा करून एवढं पाळा.

माझे आईवडील वेगळे झाले नाहीत

लोक काय म्हणतील, म्हणून. मी चाळिशीची आहे आणि संध्याकाळी सातला स्कूटर स्टँडला लावल्याचा आवाज आला की अजून टीव्ही बंद करते. ते वेगळे झाले असते तर बरं झालं असतं, असं मला मनापासून वाटतं.

बाबा

आमचं परस्परसंमतीने झालं. कायद्यातलं सहा महिन्यांचं थांबणंही कोर्टाने माफ केलं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालापासून तशी मुभा आहे. सगळं इतक्या लवकर उरकलं की मुलाला नीट सांगायचं राहून गेलं. त्याला वर्गातल्या मुलाकडून कळलं. तेव्हा तो नऊ वर्षांचा होता.

दोन वर्षं माझ्याकडे यायचा, मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसायचा. मी विचारत राहायचो : शाळा कशी, आई कशी, जेवलास का. उत्तर "हं". शेवटी माळ्यावरचा कॅरम काढला आणि विचारणं बंद केलं. बोर्डाकडे बघतच तो एका रविवारी म्हणाला, "मला कोणी विचारलंच नव्हतं." मी स्ट्रायकर हातात धरून बसलो. म्हटलं, "हो. चुकलंच आमचं." त्याने पुढची सोंगटी घेतली.

गेल्या खेपेला निघायची वेळ झाली तरी राणी बोर्डवरच होती. बूट घालताना म्हणाला, "बाबा, डाव उठवू नका." दहा दिवस झाले, बोर्ड तसाच ठेवलाय. झाडूवाल्या मावशींनाही सांगून ठेवलंय.